८० मुलांचा मोठा मैदानी खेळ: नियमांची यादी करण्याआधी

रामटेकच्या बाजूला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होणाऱ्या तीन दिवसांच्या निवासी शिबिराविषयी नागपूरच्या एका संयोजकांनी विचारले आहे. शिबिरात ११ ते १५ वयाची सुमारे ८० मुले-मुली असतील, एक पूर्ण दुपार मोठ्या सांघिक खेळासाठी राखलेली आहे आणि झेंडा पळवण्याचा खेळ, म्हणजे प्रतिस्पर्धी संघाचा झेंडा पळवून आपल्याकडे आणण्याचा, घ्यायचा असे ठरले आहे. गेल्या वर्षी हाच खेळ घेतला तेव्हा पहिल्या पंधरा मिनिटांत नववीतल्या चार मुलांनी झेंडा आणला, बाद झालेली लहान मुले झाडाखाली बसून राहिली आणि उरलेला वेळ ‘मला हात लागलाच नाही’ या वादात गेला. म्हणून त्यांना पळवाट नसलेल्या नियमांची पक्की यादी हवी आहे.

यादी देता येईल, पण तिने हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. गेल्या वर्षीच्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे: त्या खेळात बहुतेक मुलांना काही कामच नव्हते. एकच झेंडा असला की तो आणणारे चौघे खेळतात आणि बाकीचे त्यांच्याकडे पाहतात. बाद झालेल्याला मैदानात परतण्याचा मार्ग नसला की बाद होणे कबूल करणे कोणालाच परवडत नाही, आणि वाद तिथून सुरू होतात. त्यामुळे नियम लिहायला बसण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे ठरवावीत: बाद झालेले मूल पुढच्या दोन मिनिटांत काय करणार आहे, आणि संघातल्या सर्वांत लहान मुलावाचून संघाचे नेमके काय अडणार आहे? ही उत्तरे पक्की झाली की नियम चार-पाचच उरतात.

पुढचे सारे मी ६० ते १०० मुले, दिवसाचा उजेड आणि झाडेझुडपे असलेली मोकळी जागा गृहीत धरून लिहिते आहे. मुले ३० असतील तर शाळेच्या मैदानावर डबा ऐसपैस किंवा आट्यापाट्याच घ्याव्यात, त्या अधिक रंगतात. मुले १५० च्या वर गेली तर एका मोठ्या मैदानाऐवजी दोन स्वतंत्र मैदाने आखावीत. रात्रीच्या खेळाचे शास्त्र पूर्ण वेगळे आहे आणि पहिल्या-दुसऱ्या शिबिरात तो घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम बाद कसे ठरवायचे ते पाहू. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते आणि त्यात दोन्ही बाजूंचे मिळून चौदा गडी असतात, तरी तिथे पंच आणि रेषापंच लागतात. आपल्या खेळात पाच एकरांत ८० मुले पळणार आहेत आणि मध्ये बोरीची झुडपे आहेत. हात लागला की नाही हे पाहायला तिथे कोणीही नसते. म्हणून निर्णय कोणाच्या शब्दावर न ठेवता हातात धरता येईल अशा वस्तूवर ठेवावा. प्रत्येक मुलाच्या कमरेला, बाजूला, कापडाची एक पट्टी खोचलेली असावी आणि ती प्रतिस्पर्ध्याने ओढून काढली की मूल बाद. पट्टी गाठ मारून बांधायची नाही, आणि किमान वीतभर बाहेर लोंबत राहिली पाहिजे. ती पाठीमागे खोचण्याची पद्धत सर्रास आहे. मी ती बाजूला खोचायला लावते, कारण मागून ओढताना कपडे ओढले जातात, ढकलाढकली होते आणि मोठ्या मुलींना ते नकोसे वाटते. अंगाला हात लावणे, मिठी मारून धरणे आणि पाय आडवा घालणे या तीन गोष्टींना पूर्ण बंदी असावी, आणि ओढण्या व गळ्यातले दोरे आधीच काढून ठेवायला सांगावेत.

पट्ट्या विकत आणण्याची गरज नाही. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद असते. तिच्यातून पाच सेंटीमीटर रुंद आणि अर्धा मीटर लांब अशा दोनशेहून अधिक पट्ट्या निघतात. दोन वेगळ्या रंगांच्या दोन जुन्या साड्यांत दोन्ही संघांचे भागते. रंग पिवळा आणि गडद निळा असे ठेवावेत. लाल आणि हिरवा ही जोडी टाळावी, कारण काही मुलांना त्यांतला फरक नीट दिसत नाही, आणि हिरवी पट्टी झुडपांत पडली की ती कोणालाच दिसत नाही. सुती साडी हाताने सरळ फाटते. नायलॉनची कात्रीने कापावी लागते.

आता बाद झालेल्या मुलाचे काय? त्याला कैदेत ठेवून मित्रांनी सोडवण्याची वाट पाहायला लावणे ही जुनी रीत आहे आणि लहान मुलांचा खेळ तिथेच संपतो, कारण त्यांना सोडवायला सहसा कोणी येत नाही. कबड्डीत बाद झालेला गडी आपल्या संघाने गडी टिपला की परत आत येतो. तत्त्व तेच घ्यावे, पण परतणे दुसऱ्याच्या पराक्रमावर अवलंबून ठेवू नये. माझ्या खेळांत बाद झालेले मूल एक हात डोक्यावर ठेवून मैदानाच्या कडेने आपल्या ठाण्यावर, म्हणजे संघाच्या ठरलेल्या मुख्य जागेवर, परत जाते, तिथल्या कार्यकर्त्या ताईकडून नवी पट्टी घेते, आणि आणखी दोघे येईपर्यंत थांबून तिघे मिळून बाहेर पडतात. दुसरे कोणी मिनिटभरात आले नाही तर ताईने त्याला तसेच सोडावे. तिघांना एकत्र सोडण्याचा फायदा असा की, पट्टी घेऊन येईपर्यंत एकटे असलेले बुजरे मूल बाहेर पडताना एखाद्या बेतात सामील झालेले असते. बाद होण्याची किंमत अशी दोन-तीन मिनिटांचीच उरली की वाद आपोआप थंडावतात. मुले पट्टी गेल्याबरोबर स्वतःहून हात डोक्यावर ठेवतात.

ज्याने पट्टी ओढली त्याने ती आपल्या ठाण्यावर जमा करावी. डाव संपल्यावर प्रत्येक पट्टीचा एक गुण धरावा.

दुसरा प्रश्न लहान मुलांचा. येथे मी एक नियम आग्रहाने सुचवेन. झेंडा एक न ठेवता प्रत्येक ठाण्यावर तीस संत्र्यांची एक पेटी ठेवावी आणि प्रतिस्पर्ध्याच्या पेटीतून एका वेळी एकच संत्रे आणायचे, हातात उघडे धरून, असे सांगावे. डिसेंबरात नागपुरात आंबिया बहाराची संत्री मुबलक असतात, त्यामुळे खर्च फार नाही, आणि खेळ संपल्यावर ऐवजाची विल्हेवाट कशी लावायची ही चिंताही राहत नाही. प्रत्येक संत्र्याचे पाच गुण. मुख्य नियम मात्र असा की, पहिल्या दोन डावांत संत्रे उचलण्याचा अधिकार फक्त सहावीपर्यंतच्या मुलांना असेल. मोठी मुले कितीही चपळ असली तरी त्यांना पेटीला हात लावता येणार नाही. त्यांनी वाट मोकळी करायची, विरुद्ध बाजूच्या रक्षकांना भुलवून दूर न्यायचे आणि संत्रे घेऊन येणाऱ्या लहानग्याभोवती कडे करून त्याला घरी आणायचे. संत्रे हातात असताना पट्टी गेली तर संत्रे तिथेच खाली ठेवायचे आणि पकडणाऱ्याने ते आपल्या पेटीत परत न्यायचे.

या एका नियमाने खेळाचे रूप बदलते. नववीतला जो मुलगा एरवी लहानांना ‘तू इथेच थांब’ म्हणून बाजूला सारतो, तोच आता पाचवीतल्या मुलीला गुडघ्यावर बसून समजावू लागतो की, मी डावीकडून ओरडत जाईन, तू त्या पळसाच्या आडून वाकून ये. तिसऱ्या डावात हा निर्बंध उठवावा, म्हणजे मोठ्यांचीही हौस फिटते. सतत निर्बंध ठेवला तर ती कंटाळतात, आणि त्यांचा कंटाळा सगळ्या शिबिराला जाणवतो.

पेटीभोवती दहा पावलांच्या अंतरावर चुन्याच्या फक्कीने वर्तुळ आखावे आणि रक्षकांना त्याच्या आत येण्यास मनाई करावी. हे वर्तुळ नसेल तर दहा जण पेटीला घेरून उभे राहतील आणि खेळ गोठेल. वर्तुळात शिरलेल्या हल्लेखोराला दहा अंक मोजेपर्यंत अभय असावे. तेवढ्यात त्याने संत्रे घेऊन किंवा न घेता बाहेर पडायचे. अंक मोजण्याचे काम ठाण्यावरच्या ताईचे, मुलांचे नव्हे.

संघ पाडताना उंचीप्रमाणे रांग लावून ‘एक-दोन, एक-दोन’ मोजण्याची पद्धत वरवर न्याय्य वाटते, पण त्यात प्रत्येक जोडीतला उंच गडी एकाच संघाला जातो. ‘एक-दोन-दोन-एक’ अशी मोजणी केली की ही तफावत भरून निघते. मोठी मुले, मोठ्या मुली आणि लहान मुले यांच्या रांगा वेगवेगळ्या लावून असे मोजावे. नंतर प्रत्येक संघात आठ-आठ जणांच्या पाच टोळ्या कराव्यात आणि प्रत्येक टोळीत दोन-तीन लहान मुले येतील हे पाहावे. मैत्रिणी वेगळ्या झाल्या म्हणून थोडी कुरकुर होते. पहिला डाव सुरू होईपर्यंतच ती टिकते.

आता जागा. माझा निम्म्याहून अधिक वेळ यातच जातो आणि नवखे संयोजक सर्वांत कमी वेळ यालाच देतात. ८० मुलांना सुमारे २०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद, म्हणजे जवळपास पाच एकर जागा पुरते. हिशोब साधा आहे: वाकत-थांबत पलीकडच्या ठाण्यापर्यंत जाऊन परत यायला मुलाला चार-पाच मिनिटे लागतात, म्हणून २० मिनिटांच्या डावात प्रत्येकाला चारेक प्रयत्न मिळतात. जागा याच्या दुप्पट घेतली तर मुले एकमेकांना शोधतच फिरतात. निम्मी घेतली तर लपायला वाव राहत नाही आणि नुसती रेटारेटी होते.

हद्द मुलांच्या नजरेला सहज दिसली पाहिजे. वाळलेल्या गवतात चुना दिसत नाही, म्हणून झाडांना मुलांच्या छातीच्या उंचीवर कापडी पट्ट्या बांधाव्यात आणि शक्य तिथे गाडीवाट, कुंपण किंवा शेताचा धुरा (बांध) यांसारखी आयती खूण घ्यावी. पाणी ही हद्द कधीही धरू नये. रामटेकजवळच्या खिंडसी तलावाचा काठ कितीही रम्य असला तरी पळणारे मूल काठावर थांबेल याची खात्री देता येत नाही. पाण्यापासून किमान २०० मीटर दूर राहावे. ठाणी जागेच्या दोन टोकांना असावीत आणि एका ठाण्यावरून दुसरे दिसू नये, म्हणजे टेहळणीला अर्थ राहतो.

खेळाच्या आदल्या दिवशी, खेळाच्याच वेळी, दोघा-तिघांनी ही सगळी जागा पायी फिरून पाहावी. कठडा नसलेली विहीर आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. आपल्याकडच्या शेतांत अशा विहिरी आजही आहेत आणि गवत वाढले की त्या दहा फुटांवरूनही दिसत नाहीत. अशी विहीर निघाली तर तिच्याभोवती दोर लावून खेळ घेण्याचा मोह टाळून जागाच बदलावी. त्यानंतर शेजारच्या शेतकऱ्यांना भेटून कुंपणाविषयी सरळ विचारावे. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही ठिकाणी तारांत झटका मशीन जोडलेले असते, तर काही जण बेकायदेशीरपणे थेट वीजप्रवाहही सोडतात. त्या भेटीतच तुरीचा विषय काढावा, कारण डिसेंबरात तूर माणसाच्या उंचीची असते, तिच्यात शिरलेले मूल दिसत नाही आणि पिकाचे नुकसान होते ते वेगळेच. रामटेककडे धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या मैदानासारख्या दिसतात, पण त्यांतली धसकटे पडणाऱ्या मुलाचे गुडघे सोलून काढतात आणि धुऱ्यावरून उडी मारताना पाय मुरगळतो.

मोठ्या झाडांकडे मान वर करून पाहण्याची सवय ठेवावी. वड, पिंपळ किंवा सावरीवर आग्या मोहोळ असेल तर त्या झाडाच्या आसपासही खेळ नको. ८० मुलांचा गलका आणि एखाद्याने भिरकावलेला दगड एवढे त्याला पुरते. पाचोळ्याचे ढीग, लाकडांची रास आणि दगडी बांध यांत घोणस असू शकते, म्हणून अशा ठिकाणी लपण्यास मनाई करावी आणि बूट व पायमोजे सक्तीचे करावेत. कुसळे पायमोज्यांत रुततात त्याला मात्र इलाज नाही; रात्री ती काढत बसणे हाही शिबिराचा एक कार्यक्रमच होतो. जागा खासगी असेल तर मालकाची लेखी संमती घ्यावी, ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना कळवावे. उत्तरेकडे पेंचचे जंगल जवळ येते. वनजमिनीवर वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये आणि जंगलाला लागून असलेल्या शेतात दुपार कलल्यावर खेळ घेऊ नये.

वेळेविषयी एक खबरदारी. पुण्या-मुंबईच्या शिबिरांची वेळापत्रके आपण जशीच्या तशी उचलतो, पण नागपूर बरेच पूर्वेला असल्याने येथे सूर्य सुमारे अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरच्या अखेरीस सूर्यास्त साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान होतो आणि टेकडीच्या पूर्वेला तर त्याच्याही आधी अंधारून येते. म्हणून अडीच वाजता सूचना, पावणेतीनला सरावाचा पाच मिनिटांचा डाव, तीनला पहिला खरा डाव आणि साडेचार-पावणेपाचपर्यंत सारे आटोपलेले, असा बेत असावा. २० मिनिटांचे तीन डाव आणि मध्ये दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती पुरेशी आहे. विश्रांतीत पाणी प्यावे, ठाणी बदलावीत, ताब्यात आलेल्या पट्ट्या मोजून परत द्याव्यात, आणि मुख्य म्हणजे संघांना बेत आखायला वेळ द्यावा. खरी चुरस पुष्कळदा याच वेळात तयार होते. हेच शिबिर एप्रिल-मेमध्ये असते तर मी दुपारचा विचारच केला नसता. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो त्या दिवसांत सकाळी सहा ते आठ हीच वेळ.

मोठी माणसे किती लागतील? माझ्या मते ८० मुलांना नऊ हा किमान आकडा आहे: दोन ठाण्यांवर दोघे, हद्दीच्या चार कोपऱ्यांत चौघे, मध्यरेषेवर एक, प्रथमोपचार आणि गाडीसह एक, आणि सर्वांवर लक्ष ठेवणारा एक मुख्य पंच. कोपऱ्यांतल्या दादा-तायांनी भडक रंगाचे कपडे घालावेत आणि खेळात भाग घेऊ नये. उत्साही कार्यकर्ता मुलांबरोबर धावू लागला की त्याचा कोपरा रिकामा पडतो. शिट्टी फक्त मुख्य पंचाकडे असावी. एक लांब शिट्टी म्हणजे आहे तिथे थांबा, तीन लांब शिट्ट्या म्हणजे सर्वांनी मध्यरेषेवर या. या दोनच खुणा ठेवाव्यात आणि सरावाच्या डावात त्या दोन्ही वाजवून पाहाव्यात, म्हणजे दूरच्या कोपऱ्यात आवाज पोहोचतो की नाही हेही कळते. पोहोचत नसेल तर शाळेची पितळी घंटा घ्यावी.

सूचना देताना मुलांना उन्हाकडे पाठ करून बसवावे, नाही तर ती डोळे किलकिले करण्यातच गुंततात. नियम वाचून दाखवू नयेत. दोन कार्यकर्त्यांनी पट्टी खोचणे, ओढणे, हात डोक्यावर ठेवून परत जाणे आणि संत्रे आणणे एवढे करून दाखवावे. पाच मिनिटांत सगळ्यांना समजते. ‘पट्टी पडली तर काय’, ‘दोघांनी एकदम ओढली तर काय’ असे प्रश्न येतील. पडली तर उचलून पुन्हा खोचावी, आणि दोघांनी एकमेकांची एकाच वेळी ओढली तर दोघेही ठाण्यावर जातील. बाकी शंकांना सरावाच्या डावानंतर उत्तरे द्यावीत. त्यांतल्या निम्म्या तोवर विरलेल्या असतात.

पालकांकडून दमा, फिट येणे, मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी यांची माहिती आधीच लेखी घ्यावी आणि इन्हेलर मुलाच्या खिशात असावा, खोलीवरच्या पिशवीत नव्हे. जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता चालकाने आदल्या दिवशी पाहून ठेवावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते, पण शेतात मोबाइलची रेंज कुठे येते हे आधी तपासावे. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता मुलाला हालचाल न करू देता थेट रुग्णालयात न्यावे. ज्या मुलाला धावता येत नाही त्याला ठाण्यावर पट्ट्यांचा हिशोब आणि टेहळ्यांकडून येणारे निरोप यांची जबाबदारी द्यावी. संपूर्ण मैदानाची खबर ज्याच्याकडे येते त्याचा शब्द संघ ऐकतो.

नऊ माणसे मिळत नसतील तर आडवी हद्द कमी करून कोपऱ्यांतले दोघे वाचवता येतात, किंवा निम्मी मुले खेळत असताना उरलेल्यांना दुसऱ्या उपक्रमात गुंतवता येते. प्रथमोपचाराचा माणूस मात्र कमी करू नये.

शेवटच्या तीन शिट्ट्या झाल्या की टोळीप्रमाणे उभे करून प्रथम मुलांची मोजणी करावी, मग पट्ट्या आणि संत्री मोजावीत. मुलांचा आकडा जुळेपर्यंत गुण जाहीर करू नयेत आणि संत्री सोलायलाही देऊ नयेत, कारण निकाल एकदा कळला की कोणीही टोळीत उभे राहत नाही, आणि एखादा लपण्यात पटाईत मुलगा तुरीच्या कडेला बसून शिट्टीची वाट पाहत असण्याची शक्यता दर शिबिरात असते.